‘मोबाइलचा पोरखेळ’ या पत्राच्या निमित्ताने



गंभीर मानसिक आजारात मोबाइल ॲप म्हणजे पोरखेळ, असे गेल्या अंकातील पत्रात वाचले. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आम्ही वागळे इस्टेटमध्ये राहतो. १९०१पासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय आम्हाला लांब नाही. तरी पहाटे तीनला भाऊ दार उघडून निघतो, तेव्हा जवळ असते ती आई आणि तिचा फोन.

त्याला क्लोझापिन हे औषध सुरू झाले, तेव्हा पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना, हे पाहायला पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचे होते. मी कारखान्यात पाळीवर, आई वाचताना अडखळते. फोनमधल्या ॲपने करून दिलेल्या आठवणीमुळे एकही तपासणी चुकली नाही. त्यातच आम्ही भावाच्या झोपेची नोंदही ठेवतो. सलग तीन रात्री झोप उडाली की त्याचा आजार उचल खातो, हे त्या नोंदीतूनच उमगले.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य. ‘फोन माझं ऐकतोय’ ही भीती भावालाही होती. म्हणून ॲप माझ्या फोनमध्ये आहे, त्याला विचारून. चोरून पाळत ठेवली असती, तर त्याने गोळ्याच टाकून दिल्या असत्या.

‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचेही ॲप ऑक्टोबर २०२४मध्ये आले. त्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक मात्र साध्या फोनवरूनही चोवीस तास लागतो. वस्तीतल्या आशाताईंनी तो घरोघरी सांगावा, ही कळकळीची विनंती.

– एक बहीण, वागळे इस्टेट, ठाणे