मशीन मालकाचे, मग कोडही त्याचाच

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो, कल्याण-तळोजा मेट्रो, घोडबंदर आणि शिळफाट्याचे रस्ते, शिवाय गल्लोगल्ली उभे राहणारे टॉवर. या कामांवर राबणारी कितीतरी जेसीबी आणि पोकलेन मशीन छोट्या मालकांची असतात, सेकंड हँड आणि हप्त्यावर घेतलेली. भाडे तासावर मिळते, हप्ता तारखेला जातो. मशीन उभे राहिले की पहिले थांबते, दुसरे थांबत नाही. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून ‘सीईव्ही स्टेज ४’ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याहून कडक ‘स्टेज ५’ आले. त्यांच्याबरोबर कॉमन रेल इंजिने, ईसीएम नावाचा संगणक आणि सेन्सरचे जाळे आले. त्या पहिल्या खेपेतली मशीन आता जुन्या बाजारात उतरत आहेत. एमएच ०४ किंवा एमएच ०५ची पाटी, आरसी बुक, विम्याचे कागद, चावी, सगळे नव्या मालकाच्या हाती येते. इंजिन बिघडल्यावर त्याचा संगणक काय सांगतो आहे, हे वाचण्याचे साधन तेवढे येत नाही. ते मिळणे हा मालकाचा कायदेशीर हक्क असला पाहिजे.

संगणक बिघाड ज्या कोडमध्ये सांगतो, त्यात काय असते ते पाहिले की या मागणीचे कारण कळते. अवजड इंजिनांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या जे१९३९ पद्धतीत कोडचे दोन मुख्य आकडे असतात. एसपीएन हा आकडा बिघाड कोणत्या मोजमापात आहे ते सांगतो, एफएमआय हा तो कोणत्या प्रकारचा आहे ते. एसपीएन ११० म्हणजे कूलंटचे तापमान. त्यापुढे ० आले तर इंजिन खरोखर तापले आहे, ते ताबडतोब बंद करावे. ३ आले तर सिग्नलचा व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त, ४ आले तर कमी; म्हणजे दोष वायरीत नाहीतर सेन्सरमध्ये. ११०-४ दिसल्यावर जाणता फिटर लगेच नवा सेन्सर मागवत नाही. तो आधी सेन्सरचा कनेक्टर काढतो. ४ जाऊन ३ आले, तर वायर आणि ईसीएम ठीक, सेन्सर आतून शॉर्ट झालेला. ४ तसेच राहिले, तर बहुधा वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. मुळात ३ असेल तर उलट करायचे: कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि ४ येते का ते पाहायचे. पाच-दहा मिनिटांचे काम, पैशाचा खर्च नाही. पण त्यासाठी पूर्ण कोड दिसायला हवा आणि कोणती पिन कुठे जाते ते माहीत हवे. ज्याला नुसता पेटलेला दिवा दिसतो, तो अंदाजाने एकेक भाग बदलत जातो.

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात ही अडचण जास्तच जाणवते. चार महिने पाऊस, एरवी खाडीची दमट हवा आणि चिखल काढायला मारलेले प्रेशरचे पाणी. कनेक्टरमध्ये ओल शिरते, पिना हिरव्या पडतात. शिवाय अनेक इंजिनांत तीन-चार सेन्सरना पाच व्होल्टचा पुरवठा एकाच लाइनवरून होतो. त्यातली एक वायर घासून बॉडीला लागली की त्या लाइनवरचे सगळेच सेन्सर एकदम खोटे बोलू लागतात आणि पडद्यावर कोडांची रांग लागते. वायरिंगचा नकाशा समोर असेल तर दोष एकच आहे हे ध्यानात येते. नकाशा नसेल तर तीन-चार सेन्सरचे पैसे जातात आणि घासलेली वायर क्लिपखाली तशीच राहते.

जुन्या मशीनच्या सौद्यात तर कोड हाच मोठा साक्षीदार असतो. तो पुसता येतो. पुसून, यार्डात दहा मिनिटे रिकामे चालवून दाखवलेले मशीन निर्दोष वाटते. बकेटवर भार आला की कोड परततो. तरीही ईसीएममध्ये इंजिनचे तास नोंदलेले असतात, आणि येऊन गेलेला कोड किती वेळा आला हेही अनेक इंजिने लक्षात ठेवतात. डॅशवरचा तासांचा मीटर बदलणे सोपे, ईसीएममधली नोंद बदलणे तितके सोपे नाही. मशीन घेणाऱ्याला ही नोंद वाचता आली तर भावाची बोलणी वेगळी होतील, आणि मशीन नीट सांभाळणाऱ्या विक्रेत्यालाही योग्य किंमत मिळेल.

यावर पहिला आक्षेप प्रदूषणाचा: माहिती खुली केली तर लोक सेन्सर बायपास करतील, प्रदूषण कमी करणारी ईजीआर यंत्रणा बंद करतील. पण कोड वाचणे आणि ईसीएमचा प्रोग्रॅम बदलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रक्ततपासणीचा अहवाल रुग्णाला दिला म्हणून त्याला शस्त्रक्रियेचा परवाना मिळत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीहक्काचा कायदा केला, तेव्हा उत्सर्जनाचे नियम मोडणाऱ्या फेरफारांना त्यातून वगळले. खरे तर प्रामाणिक दुरुस्ती महाग आणि दुर्मीळ असते, तेव्हाच बायपासचा धंदा फोफावतो.

दुसरा आक्षेप असा की गॅरेजवाल्यांना हे जमणार नाही. यात तथ्य आहे. चुकीच्या पिनवर तार लावली तर ईसीएम जळू शकतो. पण ज्ञान कुलूपबंद ठेवून कोणी शिकत नाही. आयटीआयच्या ‘मेकॅनिक डिझेल’ अभ्यासक्रमात मल्टिमीटर, स्कॅनर आणि कंपन्यांचे खरे वायरिंग नकाशे घेऊन सराव झाला पाहिजे, आणि नकाशे खुले झाल्याशिवाय तो होणार नाही. शिवाय मोटारींच्या बाबतीत हा वाद आपल्याकडे होऊन गेला आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. अपिलात काहींचा दंड कमी झाला, पण गॅरेज अडाणी आहेत हे कारण माहिती अडवायला पुरेसे नाही, हे स्पष्ट झाले.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची उपकरणे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही क्षेत्रे निवडली. बांधकाम यंत्रांना त्यात वेगळे स्थान मिळाले नाही. ते मिळायला हवे, आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या जाव्यात: कोडांचे पूर्ण अर्थ, वायरिंगचे नकाशे, सेन्सरची अपेक्षित मापे आणि निव्वळ वाचनापुरते सॉफ्टवेअर, वाजवी दरात. कंपन्यांना धास्ती वाटत असेल तर वॉरंटी संपलेल्या मशीनपासून सुरुवात करता येईल. जुन्या बाजारातली बहुतेक मशीन त्यातच मोडतात.