समुद्रगाईचे कुरण

तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ड्युगाँग या प्राण्याला ‘कडल पसु’ म्हणतात. कानडी येणाऱ्या आपल्या घरांत याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ‘कडल’ म्हणजे समुद्र आणि ‘पसु’ म्हणजे कानडीतली ‘हसु’, अर्थात गाय. ही समुद्रगाय दिवसाला ३०-४० किलो समुद्रगवत खाते.

समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, फुले येतात, बीही धरते. त्याची मुळे वाळू धरून ठेवतात आणि त्याच्या आडोशाला कोळंबी व माशांची पिल्ले वाढतात. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या उपसागरात अशी मोठी कुरणे आहेत. तळ खरवडणारी ट्रॉलरची जाळी ती मुळासकट उपटतात. रानात झाड तोडले की निदान खुंट दिसतो. पाण्याखालचे हे नुकसान कोणाला दिसणार?

इथे उपग्रह कामी येतो. उन्हातला तांबडा प्रकाश पाण्यात लवकर विरतो. निळा-हिरवा मात्र उथळ, नितळ पाण्यात तळापर्यंत जाऊन परत येतो. त्यामुळे चित्रात वाळू उजळ आणि गवत गडद दिसते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे तळाचा १० मीटर लांब-रुंद तुकडा. वर्षावर्षाची चित्रे शेजारी ठेवली की कुरण कुठे विरळ झाले ते कळते.

पण गडद डाग खडकाचा किंवा शेवाळाचाही असू शकतो, आणि गढूळ पाण्यात तर काहीच दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पाणबुडे चौकट घेऊन खाली उतरतात, ती तळावर ठेवून आतले गवत ओळखतात, मोजतात आणि नकाशा ताडून पाहतात.

तामिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर व पुदुकोट्टई जिल्ह्यांलगतच्या ४४८ चौरस किलोमीटर समुद्रात देशातले पहिले ड्युगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केले. उशीर परवडणारा नव्हता. समुद्रगाय १३-१४ महिने गाभण असते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि पुढचे व्हायला ३ ते ७ वर्षे जातात.

नकाशावरची रेघ जाळे अडवत नाही, ते काम किनाऱ्यावरच्या माणसांचेच आहे. जाळ्यात सापडलेली समुद्रगाय जिवंत सोडणाऱ्या कोळ्यांचा तिथल्या वनखात्याने बक्षीस देऊन गौरव केला आहे. त्यांची मासळीही याच कुरणात वाढते, हे त्यांना उपग्रहाने सांगावे लागत नाही.