जॅकेट त्यांचं, बिल आपलं

"कॅज्युअल्स म्हणजे फुटबॉलचा खरा आत्मा होता रे. आता राहिलंय काय? नुसता बाजार!"

हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी किमान पाच जणांकडून ऐकलं. पाचही मराठी, पाचही इंजिनिअर, आणि त्यातल्या चौघांनी आयुष्यात एकही अवे मॅच मैदानावर जाऊन पाहिलेली नाही. पाचवा म्हणजे इंग्लंडात ऑनसाइट येऊन चार महिने झालेला पोरगा. त्याने पहिल्या दोन पगारांत डाव्या दंडावर होकायंत्राचा बिल्ला असलेलं जॅकेट घेतलं, 'ग्रीन स्ट्रीट' हा सिनेमा तीनदा पाहिला, आणि आता तो 'आपली फर्म' असा शब्द वापरतो. (कंपनी या अर्थाने नव्हे. कंपनीबद्दल इतक्या प्रेमाने तो कधीच बोलत नाही!)

मला या सगळ्या प्रकाराचा मनापासून वैताग आलाय. म्हणून या वीकएंडचा रतीब यावरच.

ज्यांना फुटबॉलशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. सत्तरच्या दशकात इंग्लंडात मॅचला मारामारी करणारं पोरगं लांबूनच ओळखू यायचं. डोक्यावर केस नाहीत, पायात जाड बूट, गळ्यात नाहीतर मनगटाला क्लबचा स्कार्फ. १९७७ मध्ये लिव्हरपूलने रोमला जाऊन युरोपियन कप जिंकला आणि त्यानंतरही त्यांच्या युरोपवाऱ्या चालूच राहिल्या. त्यांच्या मागे जाणारी पोरं परत येताना तिकडचे कपडे घेऊन येऊ लागली. इंग्लंडात न मिळणारे आदिदासचे बूट, लाकोस्त, फिला, सर्जिओ ताकिनी. काही विकत घेतलेले, काही तसेच 'उचललेले'. मँचेस्टर, लंडन, सगळीकडे ही फॅशन आपापल्या नावाने पसरली आणि पुढे तिला कॅज्युअल हे नाव चिकटलं. आमच्या पोराच्या दंडावर जो बिल्ला आहे तो स्टोन आयलंडचा. मास्सिमो ओस्ती नावाच्या इटालियन माणसाने १९८२ मध्ये काढलेली ही कंपनी.

पण या कपड्यांचा एक मोठा फायदा होता. पोलीस स्कार्फ आणि बूट शोधत होते. टेनिस खेळायला निघाल्यासारखा दिसणारा गुळगुळीत पोरगा त्यांच्या समोरून आरामात निघून जायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर फायरवॉलला एका पोर्टचा रूल लावला आणि ट्रॅफिक शांतपणे दुसऱ्या पोर्टने आत आलं. वेस्ट हॅमच्या टोळीचं तर नावच 'इंटर सिटी फर्म'. कारण काय, तर चाहत्यांसाठी सोडलेल्या स्पेशल गाड्यांवर पोलीस असायचे, म्हणून हे लोक साध्या इंटरसिटीने जायचे. मार खाऊन पडलेल्या माणसाजवळ ठेवायला त्यांनी व्हिजिटिंग कार्डंही छापून घेतली होती. आता बोला!

चलाखी होती, मान्य. पण चलाखी कशासाठी, हे विचारायचं की नाही? समोरच्याला न ओळखता येता त्याच्याजवळ पोहोचायचं आणि त्याला मारायचं, एवढ्यासाठी. यात 'आत्मा' कुठे आहे तो मला दाखवा.

आणि मग १९८५ साल येतं. मार्चमध्ये लुटनच्या मैदानावर मिलवॉलच्या लोकांनी खुर्च्या उपटून फेकल्या. ११ मे रोजी बर्मिंगहॅम विरुद्ध लीड्स या मॅचच्या दंगलीत भिंत कोसळली आणि १५ वर्षांचा एक मुलगा मेला. २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर लिव्हरपूलचे लोक शेजारच्या गर्दीवर धावून गेले, लोक भिंतीकडे रेटले गेले, भिंत पडली आणि ३९ माणसं गेली. बहुतेक इटालियन. हेसेलचं सगळं पाप कॅज्युअल्सच्या माथी मारायचं कारण नाही. ते स्टेडियम मोडकळीला आलेलं होतं आणि तिकीटविक्रीचाही बट्ट्याबोळ होता. पण त्या दशकात 'राडा म्हणजे मजा' हे वातावरण कुणी तयार केलं?

आता माझा खरा मुद्दा. या सगळ्याचं बिल कुणी भरलं?

फर्मवाल्यांनी नाही. काहींनी तुरुंगाची हवा खाल्ली, मग आत्मचरित्रं लिहिली, त्यांवर सिनेमे निघाले. बिल भरलं ते पोराचा हात धरून मॅचला जाणाऱ्या साध्या माणसाने. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली, लिव्हरपूलवर सहा. लुटनने १९८६ पासून चार सीझन पाहुण्या प्रेक्षकांना दारच बंद केलं. १९८५ मध्ये दारूबंदीचा कायदा आला. क्रिकेटला बिअरचा ग्लास हातात घेऊन बसता येतं, रग्बीलाही. पण पुरुषांच्या वरच्या लीगमधल्या फुटबॉल मॅचला मैदान दिसेल अशा जागी बसून पिणं आजही गुन्हा आहे. (मी पीत नाही, माझं काही अडत नाही. पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही?)

आणि सगळ्यात मोठं बिल आलं १५ एप्रिल १९८९ रोजी, हिल्सबरोवर. लिव्हरपूलचे लोक जाळीच्या पिंजऱ्यात चेंगरत होते, आणि पोलिसांच्या डोक्यात 'फुटबॉल फॅन म्हणजे गुंड' हे इतकं पक्कं बसलेलं की जीव वाचवायला जाळीवर चढणारी माणसं त्यांना मैदानात घुसणारी टोळी वाटली. आज मृतांचा आकडा ९७ आहे. चार दिवसांनी 'द सन'ने पहिल्या पानावर सगळं खापर मेलेल्यांवरच फोडलं. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, कारण 'हे असलेच असतात' हे आधीच ठरलेलं होतं. चाहत्यांचा काहीही दोष नव्हता, हे ज्युरीच्या तोंडून यायला २०१६ उजाडलं. सत्तावीस वर्षं!

दोष पोलिसांचाच, यात मला तसूभरही शंका नाही. पण त्या पूर्वग्रहाला खतपाणी घालणारे लोक आज 'ते दिवस किती भारी होते' म्हणून पुस्तकं विकतात तेव्हा डोक्यात तिडीक जाते. आणि हे जुनं झालं असं समजू नका. २८ मे २०२२ रोजी पॅरिसला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला लिव्हरपूलच्या लोकांवर, त्यात लहान मुलंही आली, अश्रुधूर सोडला गेला. लगेच सरकारी निवेदन: खोट्या तिकिटांवर आलेल्या इंग्लिश लोकांमुळे गोंधळ झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला, त्यात मुख्य जबाबदारी युएफाची ठरली आणि 'हे चाहते धोकादायक आहेत' हे पोलिसांचं गृहीतकच चुकीचं होतं असं निघालं. जुनं बिल, नवी पिढी.

छोटी बिलं तर दर आठवड्याला येतात. गेल्या हिवाळ्यात एका गावात (नाव घेत नाही) आम्ही २-० हरलो. स्टँडमध्ये साताठ टग्यांनी शेजारच्या लोकांशी वाजवलं आणि मॅच संपायच्या आधी ते निघूनही गेले. एकाच्याही अंगावर क्लबचा रंग नव्हता. मागे उरलो आम्ही दोन-अडीचशे रंगवाले. आम्हाला पाऊण तास पावसात कोंडून ठेवलं आणि मग घोड्यांच्या मधून मेंढरांसारखं स्टेशनला नेलं. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते, नातवाला घेऊन आलेले. त्यांची शेवटची ट्रेन चुकली. ते मला एवढंच म्हणाले, "पोरा, हे मी पन्नास वर्षं बघतोय. पळणारे पळतात." यापेक्षा नेमकं या विषयावर मी काही वाचलेलं नाही.

आता 'मी पहिल्यांदाच अवे मॅचला जातोय, काय काळजी घेऊ?' असं विचारणाऱ्यांसाठी. माझे नियम साधे आहेत:

१. तिकीट आपल्या क्लबकडूनच, पाहुण्यांच्या स्टँडचंच घ्या. यजमानांच्या स्टँडमध्ये ओळखीने बसायचं आणि गोल झाल्यावर उडी मारायची, हा मूर्खपणा आहे. स्टुअर्ड बाहेर काढतात, आणि ते तुमच्या भल्यासाठीच असतं.

२. क्लबच्या कोचने जा. कंटाळवाणं असतं, पण दारातून दारात.

३. स्टेशनजवळच्या कुठल्याही पबमध्ये आत शिरायच्या आधी दारावरची पाटी वाचा. 'फक्त यजमान चाहते' असं लिहिलं असेल तर ते खरंच तसं असतं.

४. स्टेशन ते मैदान आणि मैदान ते स्टेशन या वाटेवर स्कार्फ जॅकेटच्या आत. जिंकलात तर जास्तच आत.

५. कुणी उगाच 'किती वाजले?' विचारलं तर मोबाइल दाखवा. फर्मवाल्यांची ही जुनी युक्ती: उत्तराच्या उच्चारावरून गाव ओळखायचं. (आपला उच्चार ऐकून तो बिचारा गोंधळेल हा भाग वेगळा. कोल्हापूर कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळतं ते त्याला कुठे माहीत!)

हे नियम मी पाळतो आणि पाळत राहीन. पण चौथा नियम पुन्हा वाचा. रंग लपवा. म्हणजे जी गोष्ट कॅज्युअल्सनी मारायला म्हणून सुरू केली, ती आता आम्हाला धड घरी पोचायला करावी लागते. हाच त्यांचा वारसा. आणि याचा उदोउदो करायचा?

तुम्ही म्हणाल, ती कामगारवस्तीतल्या पोरांची स्वतःची फॅशन होती, त्यात कल्पकता होती. होती ना! बूट घाला, शर्ट घाला, माझी काही हरकत नाही. पण मग 'बाजाराविरुद्ध बंड' वगैरे बोलू नका. स्टोन आयलंड आता मॉन्क्लेर या लक्झरी कंपनीच्या मालकीची आहे, व्यवहार २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला, अब्जाहून जास्त युरोंचा. शेकडो पौंड मोजून बंडखोरीचा बिल्ला दंडावर लावायचा आणि बाजाराच्या नावाने गळा काढायचा, याला काय म्हणावं?

दुसरं, आपण कोण आहोत ते तरी आठवा. सत्तर-ऐंशीच्या दशकात नॅशनल फ्रंटवाले मैदानांबाहेर उभे राहून आपली पत्रकं विकायचे. 'कॅज्युअल्स युनायटेड' या नावाची संघटना २००९ मध्ये निघाली ती इंग्लिश डिफेन्स लीगच्या गोतावळ्यात. प्रत्येक कॅज्युअल वंशद्वेष्टा होता असं मुळीच नाही. वेस्ट हॅमच्या त्याच फर्मचा नावाजलेला म्होरक्या कॅस पेनंट काळा होता. पण ज्या गर्दीने आपल्या आधीच्या पिढीला मैदानाच्या आसपास फिरकू दिलं नाही, तिचा गणवेश पहिल्या पगारातून घेण्याआधी जरा विचार करावा की नाही?

त्यापेक्षा पंजाबी वुल्व्ज बघा. डर्बीचे पंजाबी रॅम्स बघा, वेस्ट ब्रॉमचे अपना अल्बियन बघा, ब्रॅडफर्डचे बांगला बँटम्स बघा. ज्यांना लपायचं सगळ्यात जास्त कारण होतं, ते लोक क्लबचे रंग घालून, आपलं नाव बॅनरवर लिहून उघडपणे येतात. आणि प्रीमियर लीगमध्ये अवे तिकीट ३० पौंडांच्या वर जाणार नाही, हा नियम २०१६-१७ पासून आला तो कुणामुळे? वर्षानुवर्षं बॅनर धरून उभ्या राहिलेल्या स्कार्फवाल्यांमुळे. फर्मवाल्यांनी आपल्यासाठी मिळवलेली एक तरी गोष्ट सांगा. मी थांबतो.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी यांच्या मॅचेस बघत वाढलो. तिथे सगळं सोज्वळ आहे असा दावा अजिबात नाही. पेठापेठांत राडे होतात, दगड पडतात, पोलीस येतात. पण तिथे सगळ्यांचं मैदान एकच, आणि कुणी जास्त माज केला की मागून एखादा म्हातारा विचारतो, "कुणाचा रे तू?" त्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. तालीम सांगावी लागते, बापाचं नाव सांगावं लागतं, आणि संध्याकाळच्या आत ते घरी पोचतं. निम्मी मस्ती तिथेच जिरते.

हा प्रश्न कुणी विचारूच नये अशी सोय म्हणजे कॅज्युअल. म्हणूनच तो मला नको आहे, इंग्लंडातही नको आणि आपल्याकडे तर नकोच. आपल्याकडे फुटबॉलच्या चाहत्यांचे गट आता कुठे बाळसं धरतायत. ढोल घ्या, बॅनर घ्या, घसा बसेपर्यंत ओरडा, समोरच्या टीमला यथेच्छ चिडवा. पाहुणा आला तर त्याला त्याच्या रंगात येऊ द्या आणि त्याच रंगात स्टेशनपर्यंत जाऊ द्या. फुटबॉलचा आत्मा बित्मा काय असेल तो यात आहे.

असो. पुढच्या शनिवारी अवे मॅच आहे, कोचने जायला चार तास, यायला चार तास, आणि आम्ही हरणार हे जवळपास नक्की. पराठे बांधून नेतोय.