संप कोणी मोडला?

संघटित कामगार चळवळीच्या ऱ्हासाचे खापर सरकारवर व न्यायालयांवर फोडण्याची रीत आता रूढ झाली आहे. आमच्या मते हे निदान अर्धेच खरे आहे.

सरकार पूर्वीही कठोरच होते. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी महागाई भत्त्यासाठी पुकारलेला संप वटहुकुमाच्या बळावर पाच दिवसांत मोडण्यात आला. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपात लाखो कामगार उतरले. हजारोंना तुरुंगवास घडला, कित्येकांची कुटुंबे सरकारी घरांतून बाहेर काढली गेली, आणि वीस दिवसांनी पदरात काही न पडता संप मागे घ्यावा लागला. परंतु या पराभवांची पुढली फळे पाहावीत. १९६६ मध्ये सल्लामसलतीची व लवादाची संयुक्त यंत्रणा उभी राहिली. बडतर्फ रेल्वे कामगारांना १९७७ नंतर, मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, परत घेण्यात आले. १९७९ साली बोनसही मिळाला. तेव्हाचे संप हरूनही काही मिळवून जात.

२००३ साली तामिळनाडू सरकारने सुमारे १ लाख ७० हजार संपकऱ्यांना एका फटक्यात काढले. बहुतेक पुढे परत आले. पण सरकारी नोकराला संपाचा नैतिक हक्कही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणून ठेवले. घाव मोठा खरा. परंतु वर्मी लागला तो दुसराच. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या मुलकी सेवेत नव्याने येणाऱ्यांची निश्चित निवृत्तिवेतनाची हमी गेली. जुन्यांची शाबूत राहिली. म्हणूनच १९७४ सारखे काही घडले नाही. जे अद्याप दारात आले नव्हते, त्यांच्यासाठी आतले कोण उठणार? पुढे त्याच कचेरीत, तेच काम करणारा कंत्राटी कामगार येऊन बसला, तेव्हाही संघटनेने बहुतेक ठिकाणी त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवले.

आमचे बहुतेक वाचक दिल्ली, भोपाळ, हैदराबाद येथील अशाच कचेऱ्यांत आहेत. वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता त्यांना नैसर्गिक वाटतो. कंत्राटी सफाई कामगार संपावर गेला की मात्र ती जनतेची अडवणूक ठरते. कोणी म्हणेल, संपात हाल गरिबांचेच होतात. ते आम्हांस मान्य आहे. गाडी थांबली की अडतो तो मोटार नसलेलाच. परंतु ज्याला लवाद नाही, ज्याच्या अर्जाला उत्तर नाही, त्याने दाद कोठे मागावी, हे सांगितल्यावाचून हा आक्षेप घेण्याचा अधिकार कोणास पोचत नाही.

आपल्यापुरतेच राखणारी संघटना ही संघटना नव्हे, ती भिशी होय. आणि भिशीचे सभासद निवृत्त झाले की ती आपोआप बंद पडते. संप वटहुकुमाने मोडत नाही, कुंपणाने मोडतो. ज्यांना चळवळ जगावी असे वाटते, त्यांनी प्रथम शेजारच्या कंत्राटी कामगाराचे नाव सभासदांच्या यादीत घालावे. बाकीची भाषणे नंतर.