दहाव्या वर्षी कसला आलाय फोकस?

आमच्या धंद्यातला एक जुना नियम आहे. प्रोग्राम नीट चालायला लागायच्या आधी तो वेगवान करायच्या मागे लागू नका. पोरांच्या खेळाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतोय!

माझा भाचा सांगलीकडच्या एका क्रिकेट अकॅडमीत (नाव नको) जातो. वय वर्षे दहा. बारा महिने फक्त बोलिंग. खो-खो बंद, पोहणं बंद. का? तर फोकस! खांदा दुखतो म्हणाला, तर सर म्हणतात, "खेळाडूला दुखायचंच."

दुखायचंच कसं काय? वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग अजून कच्चा असतो. रोज त्याच सांध्याला तोच झटका दिला की तो दुखावतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ सालीच सांगितलंय की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवा, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी द्या.

अमेरिका लांब वाटते? मग माण तालुक्यात चला. मोहीची ललिता बाबर मॅरेथॉन पळायची. स्टीपलचेसकडे वळली ती जानेवारी २०१४ मध्ये, चोविशी उलटल्यावर. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत ब्राँझ, आणि २०१६ ला थेट रिओ ऑलिंपिकची फायनल. आपल्या आटपाडीकडचे सचिन खिलारी मेकॅनिकल इंजिनियर. आधी भाला फेकायचे, खांदा दुखावल्यावर गोळाफेकीकडे वळले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये रौप्य! असं वळायचं तर पाया रुंद लागतो. तो लहानपणीच घालायचा असतो.

आता कोणीतरी म्हणणारच, साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, त्याचं काय? झाली ना, अभिमानच आहे. पण ज्यांना मेडल मिळत नाही, त्या बाकीच्या पोरांकडे शेवटी काय उरतं? कोचची खरी परीक्षा तिथे आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. धडधाकट शरीर, हरल्यावर परत उभं राहायची सवय, चार जणांत मिळून खेळायची अक्कल... एवढं उरलं तरी फी वसूल.

पालकांचंही कळतं हो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. सर्टिफिकेट म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न. पण खांदा गेला तर सर्टिफिकेट तरी कुठून येणार?

तेव्हा मंडळी, पुढच्या विकांताला पोराला सोडायला जाल तेव्हा "किती मुलं स्टेटला गेली?" हे विचारू नका. तीन गोष्टी विचारा. सुट्टी कधी असते? दुसरा कुठला खेळ खेळू देता? आणि तुमच्याकडून सोडून गेलेली मुलं आज काय खेळतात?

तिसऱ्या प्रश्नाला सर गप्प बसले, तर पोराला घेऊन सरळ घरी या.