लाल दिवा आणि रोजमेळ

आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या एक शिस्त चालत आली आहे. दुकान बंद झाले की गल्ला मोजायचा, रोजमेळ लिहायचा आणि शिल्लक जुळल्याखेरीज पेढीवरचा दिवा मालवायचा नाही. चार आण्यांचा फरक सापडेपर्यंत जेथे मुनीम जागचा उठत नसे, अशाच एका घरात मी वाढलो. तरीही गेल्या हिवाळ्यात एका रात्री मी असा एक हिशेब चुकलो की त्याची किंमत माझ्या आईला मोजावी लागली असती. त्या हिशेबाविषयी या वेळी लिहितो आहे.

सांगलीला नातेवाइकांकडचे कार्य आटोपून आम्ही पुण्याला परत निघालो होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले होते, त्यामुळे वाटेत थांबण्याचे कारण नव्हते. गाडी धाकटा भाऊ चालवीत होता, मी त्याच्या शेजारी, आणि मागे माझी पत्नी व पंचाहत्तरी ओलांडलेली आई. कराड मागे पडले आणि समोरच्या पट्टीवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला.

"दादा, बॅटरीचा दिवा लागलाय. थांबू का?" भावाने विचारले.

"बारा दिवसांपूर्वी तर नवी बॅटरी घातली. दिव्यातच काही बिघाड असेल. चल तू, उद्या पुण्यात दाखवू," मी म्हणालो.

उंब्रज ओलांडले तेव्हा रस्ता अंधुक दिसू लागला. आम्हांला वाटले, उसाच्या पट्ट्यातील धुके आहे. वास्तविक हेडलाइटच मंदावत होते. पुढच्या काही मिनिटांत वातानुकूलनाचा पंखा धीमा झाला, स्टिअरिंग जड झाले, काटे थरथरले, इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि नागठाण्याच्या अलीकडे ते बंद पडले. भावाने उरल्या वेगावर गाडी कशीबशी डावीकडे घेतली. धोक्याचे पिवळे दिवे लावायचे बटण दाबले, पण ते दिवे पेटण्याइतकीही वीज उरली नव्हती. पाठीमागून उसाने भरलेला एक ट्रक आला आणि इतक्या जवळून गेला की आमची उभी गाडी हादरली. त्या चालकाला आमची गाडी दिसलीच नसणार, कारण तिच्यावर एकही दिवा नव्हता.

आईला डावीकडच्या दाराने उतरवून आम्ही रस्त्यापासून दूर, शेताच्या कडेला नेऊन उभे केले. डिकीत परावर्तक त्रिकोण आहे, हे त्यानंतर आठवले. जवळच्या ढाब्यावरील एका भल्या माणसाने मेकॅनिकला बोलावून आणले. त्याने मीटर लावला, स्वतःची भरलेली बॅटरी जोडून इंजिन सुरू केले, पुन्हा मीटर लावला आणि म्हणाला, "साहेब, बॅटरीला काय बी झालेलं नाही. तिला भरणाराच कुणी नाही."

ते एक वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. तो दिवा बॅटरीच्या चित्राचा असला, तरी बॅटरी जुनी झाली किंवा बिघडली हे सांगणे त्याचे काम नव्हे. चार्जिंग थांबले आहे, एवढीच वार्ता तो देतो. आपल्या भाषेत सांगायचे तर बॅटरी ही गल्ल्यातील शिल्लक, आणि अल्टरनेटर ही दिवसाची आवक. गाडी सुरू करताना स्टार्टरला क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर लागतात, ते शिलकेतून जातात. इंजिन चालू झाले की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर दिवे, पंखा, इंधनपंप, संगणक अशा साऱ्यांचा खर्च भागवतो आणि काढलेली रक्कमही परत भरतो. लाल दिवा लागला याचा अर्थ आवक बंद झाली आणि जावक मात्र चालूच आहे.

आता त्या रात्रीचा रोजमेळ पाहा. हेडलाइटचे साठ-साठ वॅटचे दोन दिवे मिळून 120 वॅट, म्हणजे 12 व्होल्टच्या गाडीत 10 अँपिअर. इंधनपंप, इग्निशन आणि संगणक यांचे ढोबळमानाने 10 ते 12. मागचे दिवे, वातानुकूलन, पंखे, गाणी आणि मोबाइलचे चार्जिंग मिळून आणखी तितकेच. एकूण जावक 30 अँपिअरच्या घरात. लहान मोटारीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. ती पूर्ण भरलेली असती, तरी कागदावर जेमतेम तासाभराची बेगमी झाली असती. आमची तर नवी असूनही अर्धवटच भरलेली होती, कारण आवक बारा दिवस आधीपासूनच तुटक झाली होती. तिकडे शिल्लक संपत होती आणि इकडे आम्ही एसी लावून गाणी ऐकत होतो.

येथे माझी दुसरी चूक सांगणे प्राप्त आहे. बारा दिवसांपूर्वी सकाळी गाडी नीट सुरू होईना, म्हणून मी बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नवी बॅटरी बसवून दिली. चार्जिंग होते की नाही हे त्याने तपासले नाही आणि तपासा असे मीही म्हटले नाही. त्यानंतर चौकात गाडी उभी असताना तो लाल दिवा अधूनमधून मिणमिणत असे. मी तो पाहत होतो आणि सोडून देत होतो. अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजले होते, एवढाच दोष निघाला. दुरुस्तीला नव्या बॅटरीच्या चौथा हिस्साही खर्च आला नाही. आवक थांबलेल्या दुकानात बाहेरून रक्कम आणून गल्ला भरला, तर तो किती दिवस पुरणार? धंद्यात ही चूक आपण क्वचित करतो, गाडीच्या बाबतीत मात्र सर्रास करतो.

तेव्हा वाटेत हा दिवा लागलाच, तर काय करावे? प्रथम शेजारच्या तापमानदर्शकाकडे पाहावे. कित्येक गाड्यांत अल्टरनेटर फिरविणारा पट्टाच इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवितो. दिव्यासोबत तापमान चढू लागले, तर पट्टा तुटला असे समजावे आणि सुरक्षित जागा पाहून तत्काळ इंजिन बंद करावे. एक किलोमीटरचाही मोह धरू नये, कारण मग प्रश्न अल्टरनेटरचा न राहता सबंध इंजिनाचा होतो. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसविलेला असतो. तेथे पट्टा गेला की ब्रेकही जड होतात. अशी गाडी पुढे नेऊच नये.

तापमान स्थिर आहे आणि स्टिअरिंग व ब्रेक नेहमीसारखे आहेत, तर मग जावक आवरावी. एसी, पंखा, गाणी, काचेमागची जाळी, मोबाइलचे चार्जिंग सारे बंद करावे. रात्रीच्या वेळी हेडलाइट मात्र विझवू नयेत. वीज वाचविण्यासाठी अंधारात गाडी हाकणे हा कोणत्याही शहाण्याचा हिशेब नव्हे. वाटेत इंजिन बंद करू नये, कारण ते पुन्हा सुरू करण्याइतकी शिल्लक राहिलीच असेल असे नाही. घर गाठण्याचा विचार सोडून जवळचे उजेडाचे, माणसांचे ठिकाण गाठावे. आम्ही उंब्रजला थांबलो असतो, तर पुढचे काहीच घडले नसते. अंतर थोडे होते, गाव जागे होते आणि दिवेही शाबूत होते. नाइलाजाने रस्त्यावरच थांबावे लागले, तर आधी माणसे डावीकडून उतरवून रस्त्यापासून दूर न्यावीत, त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा, आणि मग गाडीचा विचार करावा.

घरच्या घरी या आवक-जावकीची तपासणी करता येते. साधा मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी साधारण 12.6 व्होल्ट दिसले, तर शिल्लक भरलेली आहे. 12.2 म्हणजे ती निम्म्यावर आली. इंजिन चालू केल्यावर आकडा चढून बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 च्या दरम्यान यावा. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा गरजेप्रमाणे खाली-वर करतो. पण इंजिन चालू असूनही आकडा 12 च्या आसपास राहिला आणि उतरतच गेला, तर चार्जिंग होत नाही हे निश्चित. याउलट तो 15 च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे. अतिरेकी भरणानेही बॅटरी मरते.

मीटर नसला तरी डोळ्यांना पुष्कळ कळते. किल्ली फिरविताच लाल दिवा लागावा आणि इंजिन सुरू होताच विझावा, हा त्याचा धर्म. किल्ली फिरवूनही तो लागलाच नाही, तर तेही चांगले लक्षण नव्हे. कित्येक जुन्या गाड्यांत याच दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहाने अल्टरनेटर जागा होतो, त्यामुळे दिवा उडाला की चार्जिंगही बंद पडते. बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर इंजिन बंद करून आधी ऋण आणि मग धन वायर काढावी, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने दोन्ही टोके स्वच्छ करावीत आणि जोडताना धन आधी, ऋण शेवटी जोडावी. डोळे जपावेत, कारण आत गंधकाम्ल असते. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात, पदर वा उपरणे जाऊ देऊ नये.

एका जुन्या सवयीविषयी आवर्जून सांगतो. चार्जिंग तपासण्यासाठी चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढून पाहण्याची काहींची रीत असते. आजच्या गाडीत तसे केल्यास व्होल्टेज एकदम उसळते आणि अल्टरनेटरमधील डायोड, प्रसंगी गाडीचा संगणकही जळू शकतो. कोणी असे करू लागला, तर नम्रपणे पण ठामपणे थांबवावे.

सुटीत आपण गावी जातो आणि गाडी महिनाभर दारात उभी राहते, तेव्हाही जावक सर्वस्वी थांबत नाही. कुलूप, घड्याळ आणि संगणक यांसाठी 50 मिलिअँपिअर इतका किरकोळ प्रवाह जात राहतो असे धरले, तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास आणि महिन्याला 36 होतात. म्हणजे लहान बॅटरी रिकामीच. अशा वेळी कोणाला तरी सांगून आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालवावी. जुनी बॅटरी खरोखरच निकामी झाली असेल, तर ती भंगारात फेकू नये. तिच्यातील शिसे आणि आम्ल माती-पाण्याला घातक आहे. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि दुकानदारही नवीच्या किमतीत तिचे पैसे वळते करतात.

आणि नवी बॅटरी घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच सांगावे, "आधी चार्जिंग तपासा, मीटरवर मला दाखवा, मग बोलू." एवढे मी त्या दिवशी म्हटले असते, तर ती रात्र आलीच नसती.

त्या रात्री शेताच्या कडेला थंडीत उभ्या असलेल्या आईने मला एकच प्रश्न विचारला होता, "दिवा लागला तेव्हा तू पाहिला होतास ना रे?" रागावून नव्हे, सहज विचारल्यासारखे. मी हो म्हणालो. त्यावर ती काही बोलली नाही, आणि मीही पुढे काही बोलू शकलो नाही. परवा तिला डॉक्टरांकडे नेताना मी किल्ली फिरविली. मागच्या आसनावरून ती थोडी पुढे वाकली आणि म्हणाली, "विझला का?"

मी पाहिले, आणि मगच गाडी पुढे काढली.