झोपलेल्या देवाला जाब

मी देव मानत नाही. तरी हिब्रू लोकांची स्तोत्रसंहिता वाचतो. दीडशे स्तोत्रं आहेत त्यात आणि पानोपानी शत्रू आहे. ज्यांच्या मागं वैरी लागलाय अशी माणसं त्यात बोलतात. म्हणून वाचतो.

पण दोस्तहो, हाक कोण मारतंय ते आधी बघा. त्यावर देव बदलतो.

अठरावं स्तोत्र दावीद राजाच्या नावावर आहे. शौल आणि बाकीच्या वैऱ्यांच्या हातून सुटल्यावर गायिलेलं, असं मथळाच सांगतो. इथं यहोवा म्हणजे खडक, किल्ला, ढाल. राजानं हाक मारली की धरणी हादरते, देवाच्या नाकातून धूर निघतो, गारा नि निखारे बरसतात. पुढं हाच देव राजाच्या हातांना लढाई शिकवतो. वैऱ्यांची धूळ होते, रस्त्यातला चिखल होतो. आणि मधेच कळतं की मार खाणारे ते वैरीही यहोवालाच हाक मारत होते. त्यानं ओ दिली नाही. भाविक हे झटक्यात ओलांडून जातात. मी तिथंच अडकतो. एकाचा किल्ला मजबूत झाला, दुसऱ्याची हाक वाऱ्यावर गेली.

चव्वेचाळिसाव्यात हरलेले लोक बोलतात. आधी वाडवडलांनी सांगितलेले देवाचे पराक्रम आठवतात आणि मग थेट हिशेब मागतात. आम्ही करार मोडला नाही, तरी तू आम्हाला फुकापासरी विकलंस, त्यात तुलाही काही मिळालं नाही. आता ऊठ, झोपलास कशाला? देवाशी असं बोलायला छाती लागते.

एकशे सदतिसावं बाबिलोनच्या कैदेचं. इ.स.पू. ५८७ च्या सुमाराला नबुखद्नेस्सरच्या फौजेनं यरुशलेम पाडलं, देऊळ जाळलं, माणसं हाकलत नेली. वर म्हणतात, तुमची गाणी म्हणून दाखवा! यांनी वाद्यं झाडाला टांगून ठेवली. गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसनं ५ जुलै १८५२ ला हेच स्तोत्र गोऱ्या अमेरिकेच्या तोंडावर फेकलं. तुमच्या स्वातंत्र्याच्या जल्लोषात गुलामानं गायचं काय? पण त्याच स्तोत्राच्या शेवटी बाबिलोनची तान्ही पोरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. तो संताप कुठून येतो, मला कळतं. तरी तान्हं पोर कुणाचा शत्रू नसतं. तिथं मी त्यांच्याबरोबर नाही.

माझं स्तोत्र एक्क्याऐंशीवं. मिसरमधल्या गुलामीतून सुटल्याची आठवण त्यात आहे. देवानं खांद्यावरचं ओझं काढलं, हातातली पाटी सोडवली. ना ढाल, ना तलवार. गोदीत गोणी वाहिलेल्या माणसाला विचारा, याहून मोठं संरक्षण असतं का?

त्याच्या पुढचंच ब्याऐंशीवं. तिथं देव बाकीच्या देवांना कोर्टात उभं करतो. दुबळ्याला, पोरक्याला दुष्टांच्या हातून का सोडवलं नाही, असं विचारतो आणि निकाल देतो : तुम्ही माणसांसारखे मराल.

म्हणजे जो दुबळ्याच्या कामी येत नाही तो देव टिकत नाही, हे त्यांच्याच कवीनं लिहून ठेवलंय. मग आपण कुणाच्या जागं होण्याची वाट बघायची? ओझं आपल्या खांद्यावर आहे. ते आपणच उतरवायचं.